कडेकडेने पोहणारे उंदीर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा हमरापूरच्या सासरवाडीत माझ्या नोकरीवर बरीच चर्चा झाली होती. मुलगा रोह्याला कंपनीत आहे, एवढंच मध्यस्थाने सांगितलं होतं. कंपनीत नेमकं काय करतो, ते सांगायचं त्याने शिताफीने टाळलं होतं. शेवटी सासऱ्यांनीच मला समोर बसवून विचारलं. मी म्हटलं, "उंदीर सांभाळतो." सासरे गणपती घडवणारे. त्यांनी पाटावरचा ओल्या मातीचा उंदीर उचलला, हातात फिरवला आणि म्हणाले, "मंग आपन एकाच खात्यातले की! तुमी वाहन सांभाला, आमी मालक घडवतो." लग्न त्या वाक्यावर ठरलं असं मी आजही समजतो.

तेव्हापासून सासरवाडीत मी 'वाहनखात्यातले जावई' झालो. रोह्याजवळच्या वरशाला, म्हणजे जिथे माझं घर आहे तिथे, तऱ्हा वेगळी होती. शेजारचे लोक दारात येऊन म्हणायचे, "भोईर, उंदरांनी उच्छाद मांडलाय, तुमच्या कंपनीतलं एखादं जालीम औषध आणा की." मी सांगायचो, "आमच्याकडचे उंदीर जावयासारखे राहतात, त्यांना मारायचं औषध आम्ही ठेवत नाही." हे काही खरं नव्हतं. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी सगळ्या उंदरांना मारावं लागे आणि ते कामही माझ्याच हातून व्हायचं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत. एकदा एक उंदीर कॅन्टीनच्या पिठाच्या डब्यात जाऊन बसला होता आणि मूळचा पांढरा असल्यामुळे दुपारपर्यंत कोणाला दिसला नव्हता. पण मला जे लिहायचं आहे ते माझ्या मेहुण्याबद्दल, दिगंबरबद्दल आहे. नव्वदच्या दशकात मी एका कागदावर सही केली आणि त्या सहीपायी दिगूचं डोकं गेलं. डोकं गेलं म्हणजे वेड लागलं असं नव्हे. काय झालं ते समजायला आधी माझं काम समजावं लागेल.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी शेतीची औषधं बनवायची. तिचं नाव लिहीत नाही, आणि त्या नावाची कंपनी आता उरलेलीही नाही. नवं रसायन आलं की ते माणसाला किती बाधतं ते आधी जनावरांवर बघायचं, त्यासाठी मागच्या बाजूला एक बैठी इमारत होती. तिथे दोनअडीचशे पांढरे उंदीर पिंजऱ्यांत असायचे. त्यांचा भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या, खाद्याच्या गोळ्या, रोजचं वजन, हे माझं काम. उंदीर कसा धरायचा हे महिनाभरात येतं, पण उंदराने आपल्याला धरू द्यायला वर्ष लागतं. त्यांना माणसाचा वास पाठ होतो. म्हणून अत्तर लावायचं नाही, साबण बदलायचा नाही, डोक्याला तेल एकच. लग्नात हळद लागली तेव्हा मला आठवडाभर आत येऊ दिलं नव्हतं. याचा एक परिणाम असा झाला की माझं स्वतःचं नाक फार तिखट झालं. त्या नाकाचं पुढे काम आहे.

आमच्याकडे मॅडम आल्या आणि त्यांनी पाण्याची टाकी बसवून घेतली. मॅडम पुण्याच्या, वयाने माझ्याहून लहान, मेंदूवर शिकून आलेल्या. टाकी गोल, चांगल्या उंचीचा माणूस आडवा झोपला तरी पाय टेकणार नाहीत एवढी रुंद. तिच्यात पाणी भरून वर दुधाची पावडर टाकायची, म्हणजे तळ दिसत नाही. पाण्याच्या खाली बोटभर अंतरावर एक छोटा चौरंग ठेवायचा. उंदराला पाण्यात सोडलं की तो पोहतो, पोहायला त्याला आवडत नाही, म्हणून टेकायला जागा शोधतो. पहिल्या दिवशी मिनिट दीड मिनिट धडपडतो आणि चुकून चौरंगाला लागतो. चौथ्या दिवशी तोच उंदीर कुठूनही सोडा, पाचसहा सेकंदांत सरळ रेषेत चौरंगावर.

चौरंग तर दिसत नाही, मग त्याला कळतं कसं? खोलीवरून. भिंती पांढऱ्याफटक होत्या आणि त्यावर ठळक अशी एकच वस्तू, रोह्याच्या एका किराणा दुकानाचं लक्ष्मीचं मोठं कॅलेंडर. कॅलेंडर उजव्या अंगाला ठेवून एवढं गेलं की चौरंग येतो, असं काहीतरी तो मनात बांधतो. मॅडम म्हणायच्या, "भोईर, हा नकाशा आहे, आणि तो इथे असतो." त्यांनी कागदावर मेंदू काढून कानाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे एकेक वाकडी आकृती काढली. नाव सांगितलं हिप्पोकॅम्पस. मी म्हटलं, "ही तर सोललेली कोलंबी." त्या खूप हसल्या आणि पुढे आम्ही दोघंही त्याला कोलंबीच म्हणायला लागलो.

आता दिगू. माझ्या बायकोचा, सुलभाचा, हा धाकटा भाऊ. हमरापुरात घरोघरी गणपती होतात, पण डोळे सगळ्यांना काढता येत नाहीत. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळ्यांची आखणी. तिथे ब्रश चुकला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. दिगूचा हात असा होता की दुसऱ्या कारखान्यांतली माणसं त्याला बोलवायला यायची. तो श्वास धरून बुबुळ काढायचा आणि मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची. पण गणपतीचं काम वर्षभर सारखं नसतं आणि दिगूचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याला कंपनी हवी होती. शिफ्ट, युनिफॉर्म, आणि नावापुढे 'परमनंट'. सुलभाने माझ्यामागे तगादा लावला, "तुमच्या ओळखीने लावा हो माझ्या भावाला," असं ती लाडाने म्हणायची. मी शब्द टाकला. मागच्या बाजूला नवा छोटा प्लांट सुरू होत होता, तिथे तो टेंपररी लागला आणि वरशालाच आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहिला.

कामावर जायच्या पहिल्या सकाळी त्याने मला विचारलं, "भावोजी, माजं काम डोल्यांचं. कंपनीत डोल्यांना काय व्हनार नाय ना?"

मी म्हटलं, "डोळ्यांना काही होत नाही रे."

हे मात्र खरं ठरलं.

त्या वर्षी गणपती गेल्यावर आमच्याकडे तपकिरी बाटलीत एक रसायन आलं. वर फक्त नंबर. नव्या प्लांटमध्ये औषध बनवताना मधल्या टप्प्यावर ते तयार होतं, त्याचा मेंदूवर काही परिणाम होतो का ते बघायचं, एवढं मॅडमना सांगितलेलं. परिणाम निघाला तर प्लांटमध्ये सगळं बंद पाइपातून करावं लागणार, माणसांना मास्क द्यावे लागणार, आणि तोपर्यंत काम थांबणार. मी पंख्याखाली बाटलीचं बूच काढलं आणि मला तो वास ओळखीचा वाटला. कुजक्या लसणीसारखा, आणि मागे थोडा गंजलेल्या पत्र्याचा. दिगू कामावरून आमच्याकडे चहाला यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला हा वास असायचा. सुलभा त्याला म्हणायची, "दिगू, आधी तो शर्ट काढून बाहेर टाक रे बाबा." मला वास कळला आणि मी गप्प बसलो. मनाला समजावलं की उंदराला आपण थेट पोटात देतो, दिगूला नुसता वारा लागतो.

निम्म्या उंदरांना ते दिलं आणि निम्म्यांना नुसतं पाणी. दोनतीन दिवसांत रसायन दिलेले उंदीर बिथरले. वर्षानुवर्षं माझ्या तळहातावर झोपणाऱ्या जातीचे ते, पण मला चावायला लागले. स्वतःच्या शेपट्या कुरतडायचे. काही थरथर कापायचे. मग आठवड्याभरात सगळं शांत झालं. खाणं दुप्पट, अंगावर तकाकी. कोणी म्हणालं असतं, ठणठणीत आहेत.

त्यांना टाकीत सोडलं आणि मी जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. ते टाकीच्या भिंतीला धरून कडेकडेने पोहत राहिले. गोल गोल. पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशीही तसंच. आम्ही उचलून चौरंगावर ठेवलं, बघ इथे आहे, तर क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा पाण्यात उडी मारून कडेला गेले. मॅडमनी चौरंगावर पाण्याच्या वर दिसेल अशी काळ्या कागदाची झेंडी लावली. त्याबरोबर तेच उंदीर सरळ झेंडीकडे पोहत आले. म्हणजे डोळे शाबूत, पाय शाबूत, जगायची इच्छा शाबूत. झेंडी काढली की पुन्हा कडेकडेने.

दुसरी एक पेटी होती, अर्धी उजेडाची, अर्धी अंधाराची. उंदीर अंधाराकडे गेला की पायाला विजेचा हलका झटका. धडधाकट उंदीर दुसऱ्या दिवशी दाराशी थबकतो. हे न थबकता आत जायचे, झटका खायचे, आणि उद्या परत जायचे. त्यातले काही उंदीर मी मारले आणि मॅडमनी त्यांच्या मेंदूचे काप मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. कोलंबीच्या पाठीतल्या दोऱ्यासारखी जी जांभळी दाट रेघ दिसायला हवी, ती जागोजाग विरलेली होती. "हे परत भरून येत नाही," त्या म्हणाल्या. "जुनं शिकलेलं बरंचसं राहील. पण आज जे घडलं ते उद्यापर्यंत पोचणार नाही."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे कंपनीतल्या प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची, तशी टाकीचीही. मी खोली धुऊन काढली, टाकीला झेंडूची माळ घातली, पिंजऱ्यांना हळदकुंकू लावलं. पूजेचा फोटो टांगायला खिळा हवा होता म्हणून कॅलेंडर काढून दाराशेजारी लावलं आणि नंतर परत जागेवर लावायला विसरलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी घेतलेले हुशार उंदीर सोडले, तर एकेक जण ताठ मानेने सरळ रेषेत भलत्याच जागी गेला आणि तिथे चौरंग नाही म्हणून गोंधळून घिरट्या घालू लागला. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली, कॅलेंडर बघितलं आणि मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "भोईर, तुम्ही न सांगता प्रयोग केलात! हे चुकले, कारण यांना आठवतंय." रसायन घेतलेले उंदीर सोडले. त्यांना कॅलेंडर इकडे की तिकडे, काहीच फरक पडला नाही. ते कडेकडेने पोहत होते.

मॅडमनी त्याच आठवड्यात रिपोर्ट दिला. चार दिवसांनी आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, बसायला सांगितलं. समोर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. त्यांनी त्याचं मराठी सांगितलं. गणपतीच्या सुट्टीतल्या साफसफाईत माझ्या हातून कॅलेंडर हललं, त्यामुळे नंतरच्या सगळ्याच चाचण्या चुकल्या, सबब रिपोर्ट धरता येत नाही.

मी म्हटलं, "साहेब, गणपतीत नाही, खंडेनवमीला. उंदीर त्याच्या आधीपासून चुकत होते. माझ्या वहीत रोजचं लिहिलेलं आहे."

साहेब म्हणाले, "नीट आठवून बघा, भोईर."

त्यांनी कागद सरळ केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा मेहुणा नव्या प्लांटला आहे ना? दिवाळीला परमनंटची यादी लागणार आहे. प्लांट चालू राहिला तर लागेल."

त्यांनी धमकी दिली नाही. ओरडले नाहीत. स्वतःच्या खिशातलं पेन दिलं. मी सही केली. माझ्या नाकाला सगळं ठाऊक होतं, माझ्या वहीत सगळं होतं, आणि मी सही केली. दिगूच्या भल्यासाठी केली असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. माझी नोकरी जाईल अशी भीती त्यात किती होती ते तोलून बघायचं धाडस मला झालं नाही.

मॅडमनी त्यांच्या कागदावर सही केली नाही. दिवाळीच्या आधीच त्या नोकरी सोडून गेल्या. जाताना माझ्याशी दोनच वाक्यं बोलल्या. "तुमच्या वहीत खरं आहे. ती जपून ठेवा." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीला यादी लागली. दिगूचं नाव होतं. त्याने पेढे आणले, सुलभाला नमस्कार केला, मला केला. त्याची बायको सुनंदा दारात उभी राहून डोळे पुसत होती. "भावोजी, तुमी होता म्हनून," दिगू म्हणाला. तो पेढा मी खाल्ला.

माघी गणपतीच्या सुमारास प्लांटमध्ये एका पाइपच्या जोडातून गळती झाली. दिगू आणि आणखी एक जण ओला रुमाल नाकाला बांधून गोणपाटाने ते पुसत राहिले, शिफ्ट संपेपर्यंत. त्या दुसऱ्याच्या कानात कायमची शिट्टी राहिली, तेवढ्यावर तो सुटला. दिगूला दोन दिवसांनी डोकेदुखी सुरू झाली. मग तो बिथरला. ज्या दिगूने कधी सुनंदावर आवाज चढवला नव्हता, त्याने तिच्या अंगावर ताट फेकलं. एक आकडी आली. हॉस्पिटलात आठदहा दिवस काढले. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर 'मानसिक ताण' असं लिहिलं. मग हळूहळू सगळं शांत झालं. दिगूची भूक वाढली, अंग भरलं. सुलभा म्हणाली, "बरा झाला हो माझा भाऊ, दृष्ट काढायला हवी."

तो कामावर रुजू झाला. पहिले दोनतीन दिवस शिफ्टमधल्या कोणाबरोबर तरी घरी आला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी सुनंदा आमच्या दारात आली. "भावोजी, फर्स्ट शिफ्ट कवाच सुटली. ह्ये घरी नाय आले अजून." मी सायकल काढून कंपनीकडे गेलो. कंपनीचं कंपाउंड लांबलचक, त्याला लागून कच्चा रस्ता. तिथे मला दिगू दिसला. कंपाउंडच्या भिंतीला धरून, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून तो सायकल चालवत होता. माझ्यासमोरून गेला, कोपऱ्यावर वळला, दिसेनासा झाला. मी तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तो मागच्या बाजूने परत आला. वॉचमन म्हणाला, "तासाभरापासून चाललंय. मला वाटलं व्यायाम करतोय."

मी त्याची सायकल थांबवली. शर्ट घामाने ओला झाला होता. "दिगू, किती वेळ फिरतोयस?"

"आत्ताच सुटलो ना, भावोजी," तो हसून म्हणाला. मग कडेला मला घेऊन गेला आणि हळूच विचारलं, "परमनंटची यादी लागली काय?"

मी रस्त्याच्या कडेला बसलो. गळतीच्या आधीचे काही महिनेही त्याच्या डोक्यातून पुसले गेले होते. दिवाळी नव्हती, पेढे नव्हते. तो अजून यादीची वाट बघत होता.

"लागली," मी म्हटलं. "तुझं नाव आहे."

त्याचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना.

कंपनीने त्याला बागकामाला घातलं. पण रोज घरी यायचं कसं? हमरापुरातल्या प्रत्येक पायवाटेचा नकाशा त्याच्याकडे होता. वरशाची खोली नवी, तिचा नव्हता. डॉक्टर विटॅमिनच्या गोळ्या देत होते. मला ठाऊक होता तो एकच उपाय मी केला. मी सुनंदाला म्हटलं, "घरावर एक झेंडी लावू." काळी म्हणताच ती दचकली, "काला नको, अशुभ." मग तिने आपल्या पिवळ्या लुगड्याचा तुकडा दिला. मी लांब बांबूला तो बांधला आणि खोलीच्या कौलांवर उभा केला. कंपनीच्या गेटातून सरळ रस्ता, नाक्यावर आलं की पिवळं कापड दिसतं. दिगूला रोज निघताना सुनंदा सांगायची आणि त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवायची, 'पिवळ्या कापडाकडे जा'. तो येऊ लागला. रोज, वेळेवर. सुनंदा मला म्हणाली, "भावोजी, तुमाला बरं सुचलं." माझी मान खाली गेली. ते मला सुचलेलं नव्हतं, ते मी टाकीत बघितलेलं होतं.

महिनाभर हे चाललं. मग पाडवा आला.

सकाळी मी माझ्या दारात गुढी उभारली. बांबूला जरीचं पिवळं कापड, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्या. नमस्कार केला, श्रीखंड आणायला बाहेर पडलो. गल्लीतल्या प्रत्येक घरावर बांबू आणि प्रत्येक बांबूला कापड. पिवळी, भगवी, हिरवी. मी ते डोळ्यांनी बघत गेलो आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. खंडेनवमीला ज्याने कॅलेंडर हलवलं तोच मी.

सुनंदाने दिगूला दुधाला पाठवलं होतं. तो नाक्यावरून वळला, पहिली पिवळी गुढी दिसली, आत शिरला. चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेला, पाटावर बसला आणि म्हणाला, "भूक लागलीय, वाढ गो." घरातली बाई एकटी होती. ती किंचाळली. लोक धावले. आम्ही पोचलो तेव्हा त्याला अंगणात खांबाला धरून ठेवलं होतं, एक डोळा सुजून मिटला होता आणि ओठ फाटला होता. मारणारे आमच्याच ओळखीचे होते, आता हात जोडून माफी मागत होते. दिगू सगळ्यांकडे बघत होता आणि मला विचारत होता, "भावोजी, माजं काय चुकलं?"

दुपारी आरशात बघून त्याने सुनंदाला विचारलं, तोंडाला काय झालं. त्या घरची गुढी या गोंधळात उतरवायची राहून गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच घरात शिरला. न थबकता.

त्यानंतर कंपनीने त्याला अनफिट करून घरी बसवलं आणि सासऱ्यांनी त्याला हमरापूरला नेलं. वर्षभरात तो प्लांटही गाजावाजा न होता बंद झाला. मी मात्र निवृत्तीपर्यंत उंदीर सांभाळत राहिलो. टाकी कोणी वापरत नव्हतं. मी तिच्यात भुशाची पोती ठेवायचो.

हमरापुरात दिगू कधी हरवला नाही. घर, विहीर, देऊळ, सगळं त्याच्या हाडीमासी होतं. आणि हात तर तसाच होता. सासऱ्यांनी भीतभीत त्याच्या हातात ब्रश दिला, तर त्याने श्वास धरून असं बुबुळ काढलं की जुने कारागीर उठून बघायला आले. फक्त एक झालं. डोळे काढून झाले, नजर दुसरीकडे गेली, परत मूर्तीकडे आली, की त्याला वाटायचं डोळे काढायचे आहेत. तो काढलेल्या डोळ्यांवर पुन्हा डोळे काढायचा, मग पुन्हा. पहिल्या वर्षी दहाबारा मूर्ती अशा काळ्याभोर खाचा होऊन गेल्या. तेव्हापासून सुनंदा त्याच्या उजव्या हाताला बसू लागली. दुसरं बुबुळ झालं रे झालं की मूर्ती उचलायची आणि पाठीमागे ठेवायची. ती सगळा सीझन तशी बसून असायची. मूल झालं नाही. माहेरी गेली नाही.

मी महिन्यातून एकदा तरी जायचो. दिगू मला ओळखायचा, आनंदाने उठायचा. थोडं बोलणं झालं की आजूबाजूला बघून हळूच विचारायचा, "भावोजी, परमनंटची यादी लागली काय?" मी सांगायचो, "लागली. तुझं नाव आहे." तो मला नमस्कार करायचा. एका बैठकीत कधी चार वेळा, कधी पाच वेळा. त्या एका सहीची बातमी मी त्याला किती वेळा पेढ्यासारखी दिली असेल, याचा हिशोब माझ्याकडे नाही.

एकदा राहवलं नाही. सुनंदा पाणी आणायला आत गेली होती. मी त्याचा हात धरला आणि सगळं सांगितलं. बाटली, शर्टाचा वास, उंदीर, कॅलेंडर, साहेबांचं पेन. "दिगू, मला ठाऊक होतं रे. मी सही केली." त्याला कळलं, सगळं कळलं. समोर बसून ऐकत असेपर्यंत त्याला सगळं कळायचं. त्याने ब्रशच्या टोकाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल, आणि मी मनातून त्या शिव्यांची वाट बघत होतो.

तो म्हणाला, "ताईला नका सांगू, भावोजी. तिला लय लागंल."

सुनंदा पाणी घेऊन आली. दिगूने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा पुन्हा मोकळा झाला.

"भावोजी! कवा आलात? यादी लागली काय?"

दिगू जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याने मला ताईला, म्हणजे सुलभाला, सांगू नका म्हटलं, ते त्याच्या लक्षात घोटभर पाणी पिण्याइतका वेळसुद्धा राहिलं नाही. माझ्या लक्षात राहिलं आणि मी ते पाळलं. मॅडमनी जपून ठेवायला सांगितलेली वही माझ्या ट्रंकेत तळाशी आहे, तीही आजवर कोणी बघितलेली नाही.

हा अंक दर दिवाळीला आमच्या घरी येतो. मी चाळून ठेवून देतो. सुलभा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.